नजर कबूल

॥ श्री भवानी ॥

कळंब,
२० जानेवारी १९६५

तीर्थरूप दादांना शामलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत, तुम्ही दोघं कसे आहात ते कळवा. तिळगुळाचा डबा कंडक्टरनं इमानदारीनं घरी आणून दिला. वनमालावहिनींच्या हलव्याला काय काटा आलाय! माझ्या हलव्याला या साली काटा फुटलाच नाही. लीला म्हणाली, आई, हा साबुदाणाच दिसतोय, खिचडी कर.

तुमच्या रविवारच्या वर्गाची कीर्ती इथपर्यंत पोचली बरं का. उर्दूत शिकलेल्या जुन्या कारकुनांना तुम्ही शुद्ध सरकारी मराठी शिकवता, हे चांगलंच आहे. पण आमच्या घरात त्याचा ताप होतोय. तुम्ही मागच्या खेपेला ह्यांना बजावलंत ना की, भावजी, 'मंजूर', 'दरखास्त' हे सोडा आता! तर काल जेवताना ह्यांनी मला सांगितलं की, वरणात मिठाची न्यूनता आहे, तरी उचित कार्यवाही व्हावी. लीला हसून हसून ताटावरून उठली. कचेरीत मेजापाशी बसले की मात्र तेच जुने शब्द. हैद्राबाद राज्य गेलं, हे पेशकाराचे नायब तहसीलदार झाले, तरी लोक अजून पेशकारसाहेबच म्हणतात आणि ह्यांना तेच गोड लागतं.

एक काळजी लिहिते. तालुक्यातल्या एका गावचं गायरान व्यंकटराव नावाचे पुढारी नांगरून बसलेत. धनगरांच्या मेंढरांना चरायला वावभर जागा उरली नाही. ह्यांनी मोजणी करवली आणि आता अहवाल लिहायला घेतलाय. परवा व्यंकटराव सहज म्हणून घरी आले, गड्याच्या डोक्यावर तुपाची घागर. ह्यांनी दारातूनच घागर परत पाठवली. व्यंकटराव हसत हसत गेले, पण मला ते हसणं आवडलं नाही.

आणि धनगरांचा म्हातारा बिराप्पा अजून येतो. जुन्या रिवाजानं नजर म्हणून रुमालावर रुपया ठेवून ह्यांच्यापुढं धरतो. हे त्याला नुसती बोटं लावतात, कबूल म्हणतात, की म्हातारा रुपया पुन्हा कनवटीला लावून खुशीत जातो. तुम्हाला हे खपत नाही, ठाऊक आहे. पण मागं एकदा ह्यांनी बोट न लावता नुसते हात जोडले, तर बिचारा दिवसभर कचेरीच्या पायरीवर बसून राहिला. साहेबाची मर्जी गेली, आता आमचं कायी खरं न्हाय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. शेवटी ह्यांनीच त्याला आत बोलावून रुपयाला बोट लावलं.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही आहे तसाच ठेवावा.

तुमची,
शामला

॥ श्री भवानी प्रसन्न ॥

तुळजापूर,
३ फेब्रुवारी १९६५

चि. सौ. शामलेस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी इतकी हसली की शेजारच्या डोकावून गेल्या. गोपाळकृष्णरावांना सांग, 'न्यूनता' बरोबर, पण वरणाला 'कार्यवाही' नव्हे, 'उपाययोजना' शोभते.

गेल्या आठवड्यात इथल्या वाचनालयात माझं भाषण झालं. विषय लाचखोरी. संसदेनं कायदा पुन्हा आवळला याचा मला मनापासून आनंद झालाय. आता नोकराच्या हातात पैसा सापडला की तो लाचेचाच, असं कोर्टानं धरून चालायचं. तो लाचेचा नव्हता हे आरोपीनं दाखवायचं. शिक्षा वर्षाच्या आत नाही. खास कारण असेल तर न्यायाधीशाला कमी करता येते, तेवढी एक फट ठेवली आहे. मी भाषणात म्हणालो, ही फटसुद्धा बुजवा. टाळ्या पडल्या. शामले, रझाकारीचे दिवस आपण पाहिलेत. पटवाऱ्यापासून तालुकदारापर्यंत प्रत्येकाचा हात पसरलेला असायचा. आपल्या आप्पांना साध्या दाखल्यासाठी काय काय करावं लागलं, तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. तो सगळा चिखल धुऊन निघायचा तर पाणी जोरातच मारायला हवं.

म्हणूनच सांगतो, ते रुपयाला बोट लावणं बंद करा म्हणावं. त्यांच्या मनात काही नाही हे मला काय सांगतेस? असा स्वच्छ माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. पण नजर आणि लाच या सख्ख्या बहिणी आहेत. म्हातारा रुसला तर रुसू दे. चार दिवस रुसेल आणि पाचव्या दिवशी विसरेल.

वर्ग जोरात चालू आहे. या खेपेला पोलीस कचेरीतला एक कारकून परीक्षेत पहिला आला. काय त्याची भाषा! जुना शब्द सांगा, नवा प्रतिशब्द त्याच्या जिभेवर तयार.

लीलेच्या अभ्यासाकडं बघ. तुमच्या घरावर आमची माया आहेच, तुम्हीही आमची आठवण ठेवा.

तुझा,
दादा

कळंब,
११ मार्च १९६५

ती. दादांना शि. सा. न.

खुशाली लिहीत नाही. काल ह्यांना कचेरीतच धरलं. संध्याकाळी जामिनावर सोडलं.

बिराप्पा दुपारी रुमाल घेऊन आला. रुमालावर रुपया नव्हता, नोट होती. हे गायरानाचाच अहवाल पुरा करत होते. मान वर न करता बोटं लावली आणि कबूल म्हणाले. म्हातारा नोट उचलणार, एवढ्यात चार माणसं आत शिरली. लाच पकडणारं पथक होतं. त्यांनी ह्यांचे हात धरले आणि बोटं एका पेल्यातल्या पाण्यात बुडवायला लावली. नोटेला कसलीशी पूड लावलेली होती. पाणी गुलाबी झालं. सगळी कचेरी बघत होती. शिपायापर्यंत सगळे, दादा, ज्यांच्या पोरींच्या लग्नात हे पंगतीत वाढायला उभे राहिले, ते सगळे.

घरी आल्यावर मी पाणी तापवून दिलं. ते अजून हात धूत आहेत. बोटांवर काही दिसत नाही, तरी धूत आहेत. लीला शाळेत गेली नाही.

मला काही सुचत नाही. तुम्हाला कायदा ठाऊक आहे. या कायद्यात आमच्यासारख्यांसाठी काय लिहिलंय तेवढं लवकर कळवा.

तुमची,
शामला

॥ श्री भवानी प्रसन्न ॥

तुळजापूर,
१४ मार्च १९६५

चि. सौ. शामलेस अनेक आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. तुझी वहिनी देवीपुढं बसून आहे. मी उद्याच निघालो असतो, पण मॅट्रिकच्या मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत, रजा मिळत नाही. रविवारी येतो.

तू घाबरू नकोस. कायदा कडक आहे तो चोरांसाठी. गोपाळकृष्णरावांनी काही मागितलं नाही, काही खिशात घातलं नाही. म्हातारा खरं सांगेल, कचेरीतली माणसं त्यांचा स्वभाव सांगतील, आणि न्यायाधीश काही आंधळा नसतो. उस्मानाबादचे शांतलिंग वकील माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना कालच निरोप धाडला. आपल्या बाजूनं एकही खोटं अक्षर बोलायचं नाही, म्हणजे झालं. खरं असलं की माणसाला काय बोललो ते आठवत बसावं लागत नाही.

इथं लोक मला बाजारात गाठून विचारतात की, गुरुजी, तुमच्या मेहुण्याचं ऐकलं ते खरं का. वाचनालयात टाळ्या वाजवणारेच विचारतात. मी सांगतो की, थांबा, कोर्टाचा निकाल येऊ द्या. तुझ्यापाशी म्हणून लिहितो, आतून मला भीती वाटते. पण ती तुला लागू नये.

धीर धर. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.

तुझा,
दादा

कळंब,
८ नोव्हेंबर १९६५

तीर्थरूप दादांना शि. सा. न. वि. वि.

आठ महिने होत आले, हे निलंबितच आहेत. निम्म्या पगारात कसं भागतं ते विचारू नका, भागतंय. ओळखीची माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जातात. हे घरात बसून असतात.

परवा कोर्टात बिराप्पाची साक्ष झाली. मी मागं बसले होते, म्हणून पाहिलं तसं लिहिते.

आता सगळं उलगडलं. व्यंकटरावांनीच त्याला पथकाकडं नेलं. त्याला सांगितलं की, आता नव्या राज्यात नजर द्यायची रीत बदललीय, ह्या साहेब लोकांच्या हातून नोट घ्यायची आणि पेशकारापुढं धरायची, मग गायरान तुमचंच. म्हाताऱ्यानं कोर्टात सांगितलं की, म्या म्हनलं सरकार लई चांगलं झालंय, नजरेची नोटबी पदरची द्याया लागलंय. सगळे हसले. मीही हसले असते, दादा, दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचा खटला असता तर. तक्रारीवर त्यानं अंगठा दिला तो असाच. लाच म्हंजी काय, असं त्यानं विचारलं तेव्हा त्याला सांगितलं की, साहेबापुढं धरतात ती. त्यावर तो म्हणाला, व्हय व्हय, ती तर धरायचीच असती.

मग सरकारी वकिलांनी विचारलं की, साहेबांनी नोटेचं काय केलं. म्हाताऱ्याला वाटलं, आता साहेबाचं भलं करायची वेळ आली. तो ह्यांच्याकडं बघून हात जोडून मोठ्यानं म्हणाला की, साहेबानं माझी नजर कबूल केली, लई मोठ्या मनाचा मानूस हाय. सरकारी वकील तेवढ्यावरच खाली बसले. शांतलिंग वकिलांनी उलट विचारून पाहिलं, पण म्हातारा जितकं ह्यांचं कौतुक करायला जाई, तितक्या वेळा कबूल म्हणे. पोलिसांच्या जबाबात त्याच 'कबूल केली'चं 'लाच स्वीकारली' असं लिहिलेलं आहे. न्यायाधीश पुण्याकडचे आहेत. माणूस शांत आहे, नीट ऐकून घेतो, पण त्यांना आपल्याकडचा हा रिवाज कसा ठाऊक असणार?

शांतलिंग वकिलांनी आधी दुसरा मार्ग सुचवला होता. म्हाताऱ्यानं नमस्कार करताना हात धरला, त्याची पूड बोटांना लागली, असं म्हणायचं. अशानं दोघं सुटलेले त्यांनी पाहिलेत. मी ह्यांच्या पाया पडले. हे म्हणाले की, म्हाताऱ्यानं हात धरला नाही, मी बोट लावलं.

आता वकील म्हणतात, एकच वाट उरली. आपल्या भागात नजर कबूल करणं म्हणजे हात लावून परत देणं, घेणं नव्हे, हे भाषेच्या जाणत्या माणसानं शपथेवर सांगावं. त्यांनी तुमचंच नाव घेतलं. नातेवाईक असलात तरी जिल्ह्यात तुमच्या शब्दाला मान आहे.

दादा, काय बोलायचं ते मी तुम्हाला शिकवायला नको. फक्त ह्यांच्या बाजूनं बोला. माझं सगळं घर तुमच्या ओटीत टाकते.

तुमची,
शामला

॥ श्री भवानी प्रसन्न ॥

तुळजापूर,
१२ नोव्हेंबर १९६५

चि. सौ. शामलेस अनेक आशीर्वाद वि. वि.

येतो. हे काय विचारणं झालं?

तुझं पत्र वाचून उलट मला हुरूप आला. सगळा खटला एका शब्दाच्या अर्थावर येऊन थांबला असेल, तर ते माझंच घर आहे. शब्द कुठून आला, कोणत्या भागात कसा वळला, सरकारदरबारी काय आणि धनगराच्या तोंडी काय, हे मी न्यायाधीशांना असं समजावून देईन की पुण्याच्या माणसालाही पटेल. मी टिपणही काढलं आहे. तुझी वहिनी म्हणते, फार लांबण लावू नका, वर्गात नाही उभे. तिला म्हटलं, वर्गापेक्षा तिथंच माझी जास्त गरज आहे.

गोपाळकृष्णरावांना सांग, बऱ्याच महिन्यांनी मला नीट झोप लागली. लीलेला आशीर्वाद. निकाल लागला की तुम्ही सगळे इकडे या, वहिनीनं पुरणपोळीचं बोलून ठेवलंय.

तुझा,
दादा

तुळजापूर,
४ डिसेंबर १९६५

चि. सौ. शामलेस आशीर्वाद.

कोर्टातून मी तुला न भेटता निघून आलो. तू बाहेर झाडाखाली उभी होतीस, मी पाहिलं. तुझ्यापुढं यायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी लीलेला ताप होता म्हणून तू उशिरा पोचलीस आणि आत काय झालं ते तू ऐकलं नाहीस. माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो.

आपल्या वकिलांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. जुना रिवाज, बोट लावणं, परत देणं. न्यायाधीश लिहून घेत होते. मला वाटलं, झालं, पटलं. मग सरकारी वकील उठले. त्यांनी रिवाजाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. गुरुजी, तुम्ही सरकारी कारकुनांचा वर्ग घेता ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. जबाब लिहिणारा हा कारकून तुमच्याच वर्गातला ना? मी पाहिलं, तो तिथंच उभा होता. परीक्षेत पहिला आलेला. मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, तुमच्या वर्गात 'कबूल करणे' याला कोणता मराठी शब्द शिकवता?

शामले, मी सांगू शकलो असतो की, आठवत नाही. सांगू शकलो असतो की, प्रसंगाप्रमाणं बदलतो. तो प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये मला पुरेसा वेळ होता. गोपाळकृष्णराव माझ्याकडं बघत होते. मी शपथेवर होतो. मी म्हणालो, स्वीकारणे.

पुढं मी बोलायला गेलो की, धनगराच्या तोंडी तो अर्थ नाही. न्यायाधीश सौम्यपणे म्हणाले, विचारलं तेवढंच सांगावं.

निकालाचं मला काल कळलं. एक वर्ष सक्तमजुरी. कमी करावी असं खास कारण दिसत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलंय म्हणे. वर्ग मी बंद केला. त्यानं काय होणार, हे मलाही कळतं.

तू आणि लीला इकडे निघून या. हे घर तुझंच आहे. तू काहीही लिही, कितीही कठोर लिही, पण लिही.

तुझा,
दादा

कळंब,
२७ डिसेंबर १९६५

तीर्थरूप दादांना शि. सा. न.

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण ह्यांना औरंगाबादला नेलं तिथं जाऊन आले. तब्येत खालावली आहे. डोक्यावर टोपी आहे ती तुरुंगाची. नोकरी गेलीच, पेन्शनही जाईल. शांतलिंग वकील अपील करतो म्हणतात. पण वर कागदच जातात ना, दादा, माणसं जात नाहीत. कागदावर तर 'लाच स्वीकारली' असंच आहे, आणि ते आता तुमच्याही तोंडून आहे.

ह्यांनी लिहिलेला गायरानाचा अहवाल रद्द झाला. लाच खाणाऱ्याचा अहवाल कोण धरणार? व्यंकटरावांनी त्यात ज्वारी पेरली आहे, चांगली उभी आहे.

बिराप्पा परवा आला होता. आत येईना, उंबऱ्यापाशी खाली बसला. आता त्याला सगळं समजलंय, कुणीतरी समजावून सांगितलंय. रडला नाही. मला एवढंच विचारलं की, बाईसाब, म्या तवा कंचा शब्द बोलाया पायजे व्हता, तेवढा सांगा. मी त्याच्यासमोर उभी होते. मला शब्द सापडला नाही. तुम्हाला माहीत असला तर त्याला कळवा, तो ह्यानंतरही कळंबच्या बाजारात येत राहील.

आम्ही तुळजापूरला येणार नाही. लीलेची परीक्षा इथंच होईल. मी शिवण घेतलं आहे.

तुरुंगात ह्यांनी तुमची चौकशी केली. म्हणाले, मार्तंडरावांना सांग, मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच उत्तर दिलं असतं. हे तुम्हाला कळवायला त्यांनी मला दोनदा बजावलं, म्हणून कळवलं.

आता माझं. दादा, तुम्ही खोटं बोलायला हवं होतं. आयुष्यात एकदाच, एका शब्दापुरतं. तुम्हाला ते जमत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याचा मला अभिमान होता, गावभर सांगत फिरायचे. पण त्या दिवशी तुम्ही माझे भाऊ म्हणून उभे होतात, आणि तिथं गुरुजींनी उत्तर दिलं. हे म्हणतात, तुम्ही बरोबर केलंत. त्यांना म्हणू द्या. मी म्हणणार नाही, ते सुटून आले तरी नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे. तो वाढावा, असं मात्र आज लिहवत नाही.

शामला